फुकट वाटलेला आवाज

काकांची सीडी मी इंटरनेटवर चढवली तेव्हा मी बारावी विज्ञानाला होते, आणि आपण काहीतरी हुशारीचं करतो आहोत याबद्दल मला शंका नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या एका दुपारच्या कृतीतून घडत गेलं.

माझे काका पेडण्यातले भजनी बुवा. दिवसा पंचायतीत कारकुनी, संध्याकाळी पेटी. त्यांचे गुरुजी डिचोलीचे. गुरुजींनी अकरा अभंगांना स्वतःच्या चाली लावल्या होत्या आणि जाण्यापूर्वी त्या एकट्या काकांना शिकवल्या होत्या. काका त्या कुठेही गात नसत. आमच्याकडे भजनी स्पर्धांमध्ये एखादी चाल गाजली की महिन्याभरात ती शेजारच्या तालुक्यात दुसऱ्याच बुवांच्या नावावर ऐकू येते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, पण गुरुजींना ते हयातभर लागलं होतं. म्हणून काकांनी मनाशी ठरवलं होतं: या अकरा चाली पहिल्यांदा लोकांच्या कानावर पडतील त्या गुरुजींचं छापील नाव घेऊनच. तोवर सरावालाही दार लोटून घेत. त्यांच्या मंडळातल्या पखवाजवाल्यालासुद्धा त्या माहीत नव्हत्या.

म्हापशातला एक निर्माता भजनांच्या सीडी काढायचा. त्याने अट घातली, आधी काकांच्या स्वतःच्या चालींची एक सीडी काढू. तिच्या प्रती संपल्या की दुसरी गुरुजींची. काकांना हा क्रम आवडला. "आधी माझी मोडकीतोडकी जावंदेत," ते म्हणाले, "वाट जरा मळली की मग गुरुजींक हाडूया."

आठ भजनांची ती पहिली सीडी निघाली. जत्रेत देवळाबाहेर खाज्याच्या दुकानांना लागून एक टेबल टाकून काका स्वतः बसत. पहिल्या हंगामात ती बऱ्यापैकी गेली.

त्याच वर्षी घरी ब्रॉडबँड आलं होतं. फुकट गाणी उतरवून घेण्याच्या एका संकेतस्थळावर हजारो फायली होत्या, पण गोव्यातलं मराठी भजन एकही नव्हतं. माझं गृहीतक साधं होतं: अधिक लोक ऐकतील, म्हणून अधिक लोक विकत घेतील. गृहीतक तपासायचं असतं हे मला शिकवलेलं होतं. मी ते तपासलं नाही. प्रत्येक फाइलसोबत गायकाचं, संगीतकाराचं, सीडीचं नाव भरायला रकाने होते. दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राची जर्नल द्यायची होती. मी रकाने रिकामे सोडले आणि फायलींना 'भजन १' ते 'भजन ८' अशी नावं दिली. शेजारी किती जणांनी उतरवून घेतलं याचा आकडा दिसे. तो रोज वाढायचा आणि तो पाहायला मी कॉलेजातून धावत घरी येत असे. काकांना यातलं काही सांगितलं नाही. आकडा चांगला मोठा झाला की मग सांगायचं, असा माझा बेत होता.

पुढच्या जत्रेला काका पुन्हा टेबल टाकून बसले. लोक येत, सीडी हातात घेत, उलटीपालटी करत आणि परत ठेवत. कॅसेटींचं जुनं दुकान जाऊन बाजारात मोबाइलचं दुकान आलं होतं आणि त्याच्या दारावर पाटी होती, 'मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील'.

"बुवा, तुमची आठय भजनां माझ्या मोबायलात आसत!" एक ओळखीचे गृहस्थ अभिमानाने म्हणाले. "रोज सकाळी लावतंय. बायल म्हणता, बुवांक घरातच हाडून बसयलेत काय?"

काका हसले. "मगे सीडी कित्याक घेवची, न्हय?"

"सीडी घालू खंय, बुवा? यंत्रच मोडीत दिलां."

त्या संध्याकाळी काकांनी उरलेली खोकी स्कूटरला बांधली आणि घरी येईपर्यंत त्यातलंच एक भजन गुणगुणत राहिले. त्यांना आनंद झाला होता, हे मला आजही आठवतं. मीही आनंदात होते.

काही महिन्यांनी निर्मात्याने बोलावलं. मीही काकांसोबत गेले. धारगळला महामार्गाच्या कडेला चहाला थांबलो. शेजारी इमारतीचं काम चाललं होतं. फरशी बसवणाऱ्या कामगाराने सिमेंटच्या पोत्यावर मोबाइल ठेवला होता आणि त्यातून काका गात होते.

काकांनी मला डोळा मिचकावला आणि त्याला विचारलं, "भाऊ, कोण गातंय हे?"

"काय म्हाईत वो. नेटवरचं हाय. आमच्या बेळगावाकडचा कुणी म्हाराज असंल."

"बेळगावचा? कशावरून?"

"असा खडा आवाज तिकडंच गावतोय. का, पायजे व्हय? टाकतो की तुमच्या फोनात. फुकटच हाय."

"नको, नको," काका म्हणाले. स्कूटरपाशी आल्यावर मला म्हणाले, "बघ गो बाय, बेळगावचो म्हाराज झालंय मी!" ते हसले, पण मग म्हापशापर्यंत स्कूटर नेहमीपेक्षा जोरात हाकली. मी मागे बसून त्यांच्या पाठीकडे पाहत होते. रिकाम्या रकान्यांचा अर्थ मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा कळला.

निर्माता वाईट माणूस नव्हता. त्याच्या खोलीत भिंतीला टेकून खोकी रचलेली होती, केवळ काकांचीच नव्हेत. "बुवा," तो म्हणाला, "तुमचा आवाज सगळ्यांच्या मोबाइलात आहे आणि सीड्या माझ्याकडे. दुसरी काढून ठेवू कुठे? तुमच्या डोक्यावर?" मग त्याने आवाज उतरवला. "कुणी चढवलं ते सापडलं तर कानाखाली वाजवीन मी."

"वाजवून काय होणार?" काका म्हणाले. "प्रेमानेच चढवलं असेल."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. घरी येऊन त्या फायली काढून टाकल्या, पण तोवर त्या इतर ठिकाणी पोहोचल्या होत्या.

पुढे मी शिक्षणासाठी बाहेर पडले, संशोधनात रमले. सीडींच्या या व्यवसायाचं काय झालं याचा विचार मी परक्या विषयासारखा करू शकत असे. नुकसान सगळ्यांना सारखं झालं नाही, असा माझा निष्कर्ष होता. मोठ्या गायकांनी कार्यक्रम वाढवले, मोठ्या कंपन्यांनी नवे मार्ग शोधले. ज्यांची एक पेटी, एक टेबल आणि एक निर्माता होता, ते मिटले. म्हापशातल्या निर्मात्याने ध्वनिमुद्रणाची सामग्री विकून खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. मोबाइलवर तरी गुरुजींच्या चाली ध्वनिमुद्रित करून ठेवू, असं मी काकांना दोनदा सुचवलं. "त्यात छापील नाव खंय लागता?" ते म्हणाले.

मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. अशा रुग्णांना बोलता आलं नाही तरी कधीकधी गाता येतं, असं मी वाचलं होतं. काकांच्या बाबतीत ते खरं ठरलं नाही. गळ्यातून एकच सपाट सूर निघे आणि तो ऐकून ते स्वतःच तोंड फिरवत.

मी रजा घेऊन आले आणि एक पद्धत बसवली. पेटी माझ्यापुढे. अभंगाचा पहिला शब्द मी म्हणायचा आणि एकेक स्वर वाजवायचा. बरोबर असेल तर काका डाव्या हाताचं बोट उचलतील, चूक असेल तर तळवा पसरतील. मला गाणं येत नाही, पण स्वर बारा आहेत आणि शक्यता मोजून संपवता येतात. एका ओळीला जवळजवळ पूर्ण सकाळ लागे. ते कंटाळत नसत. एखादा स्वर जुळला की बोट उचलून ते खाली घ्यायला विसरत. पाच दिवसांत एका अभंगाची चाल पूर्ण झाली, दुसऱ्याचं धृपद झालं.

"बाय, ताका दमवू नको," काकी आतून म्हणायच्या. काकाच त्यांना हाताने परतवून लावत.

सहाव्या दिवशी मी पेटी वाजवायची थांबले. "काका," मी म्हटलं, "ती आठ भजनं नेटवर मी टाकली होती. आणि तुमचं नाव भरलं नव्हतं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. बोट उचललं नाही, तळवाही पसरला नाही. मग त्यांनी डावा हात पुढे केला, पेटीचा भाता दाबून बंद केला आणि त्याची कडी लावू लागले. ती दोनदा निसटली. मी मदतीला हात नेला, तो त्यांनी बाजूला सारला. तिसऱ्या खेपेला कडी बसली.

दुसऱ्या दिवशी काकी दारातच काकांसारखा तळवा पसरून म्हणाल्या, "आज नाका म्हणता." त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. माझी रजा संपली. मी पुन्हा येण्यापूर्वी काका गेले.

गुरुजींच्या अकरा चालींपैकी एक चाल आणि एक धृपद, इतकं माझ्या वहीत आहे. उरलेल्या अभंगांचे शब्द कुणालाही विचारा, पाठ असतात.