साहेबांच्या दारातली नोंदवही

सरकारी ऑफिसात फायली साठतात तसे किस्सेही साठतात. फरक इतकाच, की फायली कधीतरी गहाळ होतात! शिवाजी पेठेजवळ एका मंत्रीसाहेबांचं संपर्क कार्यालय होतं, तिथं मी टायपिस्ट होते. माहितीचा अधिकार नुकताच आलेला. वरून पत्र आलं: साहेबांकडं काही मागायला येणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवा. कोण आलं, कुणाला भेटलं, कुणाच्या वतीनं, काय मागितलं, काय आणलं. आमचे हेडक्लार्क तात्या नियमाचे पक्के. त्यांनी दारातच टेबल टाकलं आणि नोंदवही सुतळीनं टेबलाला बांधली.

*

पहिल्याच दिवशी शाहूवाडीचे एक पावणं आले. गावच्या मास्तरांची बदली थांबवायची होती.

"कुणाच्या वतीनं आलाय?" तात्यांनी विचारलं.

"बायकूच्या."

"तिचा काय संबंध?"

"मास्तर गेला तर पोरं दिवसभर घरात. ती म्हणत्या, मग तुमी शाळंत जावा!"

तात्यांनी गंभीरपणे लिहिलं, "हितसंबंध : घरगुती शांतता."

*

बदली थांबली. पावण्यांनी खुशीनं तांदळाचं पोतं पाठवलं. भेटवस्तू परत करायचा नियम! तात्यांनी ते जीपनं परत धाडलं. ड्रायव्हर आला तो दोन पोती घेऊन.

"त्यांच्या मालकीणबाई म्हणाल्या, कमी पडलं म्हणून परत धाडलं व्हय?"

तात्या म्हणाले, "दोन्ही परत न्या."

ड्रायव्हरनं हातच जोडले. "नगं तात्या! चार पोती जीपला झेपायची न्हाईत!"

*

एकाच मैदानासाठी पेठेतल्या दोन फुटबॉल क्लबांचे अध्यक्ष एकाच सकाळी आले. पहिल्यानं सविस्तर अर्धं पान भरलं. दुसऱ्यानं ते उभ्यानं वाचलं आणि खाली लिहिलं, "वरीलप्रमाणे. फक्त ह्यांना देऊ नये!"

*

एक ठेकेदार रोज यायचा आणि कारणाच्या रकान्यात 'सहज' लिहायचा. तपासणीला मुंबईहून अधिकारी आले. पानं उलटून वैतागले.

"हा माणूस करतो काय?"

"रस्ते," तात्या म्हणाले. "तेबी सहजच करतोय, सर. पावसाळ्यात या की बघायला!"

*

आणि उचगावचे कांबळे गुरुजी. रिटायर्ड शिक्षक. गावातल्या एका सरकारी जागेवर पोरांसाठी अभ्यासिका व्हावी म्हणून दोन वर्षं खेटे घालत होते. एक दिवस साहेब दारातल्या टेबलापाशी थांबून तात्यांना म्हणाले, "ती उचगावची जागा आमच्या मेव्हण्याला पायजे. फाईल काढा."

"काढतो. आधी नोंद, साहेब."

मला वाटलं, तात्यांची नोकरी गेली! पण साहेब खो खो हसले. पेन घेतलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: कोण आलं – मी. कुणाला भेटलं – मला. कुणाच्या वतीनं – मेव्हण्याच्या. काय मागितलं – उचगावची जागा. खाली झोकात सही!

पंधरा दिवसांनी गुरुजी आले, वहीत नोंद करताना ते पान त्यांच्या नजरेला पडलं आणि त्यांनी रीतसर अर्ज करून त्याची नक्कल मागितली. तात्यांनी शिक्का मारून दिली. गुरुजींनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली.

साहेबांना कळलं तसं त्यांनी गुरुजींना आत बोलावलं, चहा मागवला. तात्याही सुतळी सोडून वही घेऊन आत गेले.

"गुरुजी, अहो ती थट्टा होती."

"व्हय की, मलाबी तसंच वाटलं," गुरुजी म्हणाले. "मग खाली तेवढं लिहा. 'ही थट्टा होती, जागा अभ्यासिकेलाच.'"

साहेबांनी तात्यांकडं बघितलं. तात्या छताकडं बघत होते. चहा गार झाला. शेवटी साहेबांनी लिहिलं, सही केली आणि वही ढकलली.

गुरुजी उठले, वाकून नमस्कार केला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला.

"हा दुसरा अर्ज. आत्ता लिहिलं त्याचीबी नक्कल द्या."