वर्लिनचं गप्प बसलेलं मूळ

माझा भाचा वर्लिन कात्सिनांच्या, म्हणजे आमच्याकडे पाऊस घेऊन येणाऱ्या आत्म्यांच्या, लाकडी बाहुल्या कोरतो, असं गावात म्हणतात. खरं तर तो बसून लाकडाकडे बघतो. मी त्याची आत्या. आम्हा ॲरिझोनातल्या होपी लोकांत भाच्याला छळायचा हक्क आत्याचा, आणि त्याच्या बायकोला थट्टेनं सवत म्हणायचाही. दोन्ही हक्क मी मनापासून बजावते.

तीन वर्षांपूर्वी पूर ओसरल्यावर त्याला नदीकाठी कॉटनवूडच्या झाडाचं एक मूळ सापडलं; बाहुल्या याच मुळाच्या कोरतात. हातभर लांब, सरळ, एक गाठ नाही. रोज ते उन्हात उलटंपालटं करायचा.

"अरे, कोरणार कधी?"

"आत कोण बसलंय ते मूळच सांगतं, आत्या. अजून बोलत नाही."

"तुझ्याशी कोण बोलणार? माझी सवतसुद्धा दमली."

यंदा त्याला नात झाली. जुलैत कात्सिना डोंगरावरच्या आपल्या घरी परत जाण्याआधी गावात नाचतात आणि मुलींना बाहुल्या देऊन जातात. तान्ह्या मुलीची पहिली बाहुली चपटी असते. ती कुठे तयार होते हे आम्ही पोरांसमोर बोलत नाही, तुम्हीही बोलू नका. नाच दोन दिवसांवर आला तरी मूळ गप्पच. त्याची बायको लीटा रडवेली झाली. "सगळ्या पोरींना मिळेल, आमचीच रिकाम्या हातानं बसेल."

त्या दिवशी मी तिच्याकडे पिकी करत होते. तापल्या दगडावर निळ्या मक्याचं पीठ हातानं फिरवायचं आणि कागदासारखी भाकरी सोलायची. विस्तव मंदावला की ती चिकटते. मी न बघता मागे हात घातला आणि हाताला लागलं ते लाकूड चुलीत सारलं.

लीटा किंचाळली. ते वर्लिनचं मूळ होतं, उन्हातून आणून त्यानं सरपणाशेजारी टेकवलेलं. वर्लिन धावत आला, मूळ ओढून काढलं, पाणी ओतलं. जेमतेम वीतभर उरलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मात पहिल्यांदा टोमणा सुचेना.

वर्लिन तो काळा ठोकळा हातात धरून बसला.

"बोललं गं, आत्या."

"काय म्हणालं?"

"वाचवा!"

आणि त्यानं चाकू उचलला तो दोन दिवस खाली ठेवलाच नाही.

नाचाच्या दिवशी नातीच्या हातात कात्सिनांच्या आईची चपटी बाहुली आली. तिनं लगेच तिचं डोकं तोंडात घातलं. मला रडू आवरेना, म्हणून मी वर्लिनच्या कानात म्हटलं, "एक डोळा तिरका झालाय."

परवा तो नवं मूळ घेऊन माझ्या दारात उभा.

"आत्या, जरा चूल पेटव. हेही बोलत नाहीये."