शांतीचं नाव

नातवानं काल बाबांची पेटी उघडली अन् वाळल्या कडुलिंबाच्या पानांचा वास आला. कसर लागू नये म्हणून बाबा भात्यापाशी ती पानं ठेवत.

बाबा बालाघाटच्या आसपासच्या शाळांत पोरांसाठी पेटीवर गाणी म्हणायचे. शेवटच्या गाण्यात समोरच्या पोरांची नावं गुंफायचे. ज्याचं नाव आलं त्यानं उभं राहायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. आम्ही दोघी बहिणी संगं जायचो. धाकटी शांती दर वेळी विचारी, "बाबा, माहं नाव कवा घेता?"

"घरच्यायचं शेवटी, बाई. पाहुण्यायले आधी वाढतात ना?"

"मंग मले बी पाहुणी समजा."

बाबा नुसते हसायचे. त्या उन्हाळ्यात शांती गोवरानं गेली.

शाळा उघडल्यावर पहिला कार्यक्रम लामत्याला होता. मी पुढेच बसले होते. शेवटच्या गाण्यात बाबांनी चार-पाच नावं घेतली, अन् मग घेतलं शांतीचं. कोणीच उठलं नाही. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. बाबा तोच सूर धरून भाता हलवत राहिले. मला वाटलं, बाबा चुकले, आता पोरं हसतील. म्हणून मीच उठून उभी राहिले. टाळ्या वाजल्या. बाबांनी पेटी मिटली.

परतताना बैलगाडीत एवढंच म्हणाले, "काहून उठली, बाई?"

"कोणी उठूनच नव्हतं राह्यलं."

तेव्हा वाटलं, मी बाबांची लाज राखली. आता कळतं, ते चुकले नव्हते. घरच्यांचं शेवटी, म्हणून त्यांनी तिचं नाव घेतलं होतं. अन् तिच्या टाळ्या मी घेतल्या.