भात्याला हिरवी झेंडी

खंडेनवमीच्या दिवशी, शुक्रवारी, अकरा रुपयांना एक ऐरण, एक भाता आणि दोन हातोडे विकत घेतले गेले. घेणारे आमचे शेजारी गार्डकाका, देणारा बर्डीवरचा एक म्हातारा लोहार आणि रुपये मोजून देणारा मी. दुसऱ्या दिवशी शनिवार, त्या दिवशी लोखंड घरात आणू नये, म्हणून ही घाई. काकू हजर नव्हत्या. असत्या तर व्यवहार झालाच नसता. काकांइतका घड्याळाच्या आज्ञेत वागणारा माणूस साऱ्या नागपुरात दुसरा नव्हता, हे मी हिशेबखात्यातला माणूस असूनही बिनदिक्कत लिहितो.

काकांची सारी नोकरी इटारसी लाइनवर, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेली. पेन्शन झाली तरी गाडी काही अंगातून उतरली नाही. भात वाढायला उशीर झाला, की ते किती मिनिटांचा ते सांगत आणि कारण विचारत. रस्त्याने जाताना प्रत्येक वळणावर मागे पाहून ओरडत, "डबा लागला काय?" डबा म्हणजे मागून येणाऱ्या काकू. एकदा तेलंगखेडीला काकू बांगड्या पाहायला थांबल्या, तर काकांनी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून दोन टांगे अडवले. टांगेवाला म्हणाला, "बाबूजी, हट जाओ!" काका म्हणाले, "मागचा डबा सुटला आहे, गाडी हलणार नाही."

अशा माणसाने मागच्या अंगणात कडुनिंबाखाली भट्टी घातली. भाता ओढणारे तेच, शिट्टी फुंकणारे तेच आणि स्वतःलाच हिरवी झेंडी दाखवणारेही तेच. म्हाताऱ्या लोहाराने एवढेच सांगितले होते, "संत्र्याच्या रंगावर ठोका, भिवापुरी मिरचीच्या रंगावर पाण्यात बुडवा." काकांनी मान डोलावली आणि खिशातून घड्याळ काढले. लोखंड भट्टीत गेल्याची वेळ, बाहेर काढण्याची वेळ. मध्ये दुसरी भानगड नाही.

पहिली विळी भोपळ्यावर वाकली. दुसरी सुरणावर मोडली. तिसरीवर काकूंनी वांगे दाबून पाहिले, तर वांगे सुखरूप राहिले. काकू म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत एक तरी विळी धड झाली नाही, तं हे सारं भंगारात. सारं घर कोळशाचं करून ठेवलं!" काका कशावरही हसत, यावर हसले नाहीत. हातातली भाकरी ताटात ठेवून उठले. एका विळीपायी माणसाने जेवण सोडावे, हे मला तेव्हा उमगले नाही.

धनत्रयोदशीच्या दुपारी मी कोळशाचे पोते घेऊन गेलो होतो. काकू अंगणात धान्य निवडत होत्या. शिट्टी झाली, काकांनी सांडशीने पाते बाहेर काढले.

"अहो, काळंच आहे अजून. काहून काढून राहिले?"

"टाइम झाला."

"टाइम झाला, पण रंग कुठं आला? दिसत नाही काय तुम्हाले?"

काकांनी पाते ऐरणीवर ठेवले. मग म्हणाले, "नाही. लाल कोणता अन् हिरवा कोणता, मले आता समजत नाही वं. डॉक्टरनं सिग्नलच्या काचा दाखवल्या, मी चुकलो. म्हणून तर घरी बसवलं मले."

आम्हा सर्वांना त्यांच्या नोकरीची मुदत संपली एवढेच ठाऊक होते. काकूंनाही. मी पोते खाली ठेवले आणि निघावे की थांबावे, ते ठरवता येईना.

काकूंनी सूप बाजूला सारले, पाट ओढला आणि भट्टीसमोर बसल्या. "घाला परत. मी सांगते. अन् ते घड्याळ आत ठेवा. शिट्टी वाजवाल तं उठून जाईन."

मग काकू सांगू लागल्या. "बोर... बोरच आहे... मिरची... आलं संत्रं, ठोका!" एकदा त्या ओरडल्या, "अहो, आंब्याचा रस झाला, काढा, काढा!" काका मुकाट ऐकत होते. त्या दिवाळीला सुरण नव्या विळीवर चिरला गेला. काकू म्हणाल्या, "चालते." एवढेच. पण काका ते 'चालते' आळीभर सांगत फिरले.

आमच्या घरूनही विळीची मागणी गेली. नेमक्या तेव्हा काकू लेकीच्या बाळंतपणाला जबलपुरास गेल्या होत्या. काकांनी मला पाटावर बसवले.

"काय दिसते?"

"लाल."

"कोणता लाल?"

मी नीट पाहिले. "लालच आहे, काका. चांगला लाल."

काकांनी भाता सोडला. विस्तव आपोआप मंदावू दिला. जन्मभर ज्यांच्यासाठी काकू ताट झाकून बसल्या, ते काका म्हणाले, "राहू द्या. काकूले येऊ द्या परत."

आमची विळी तीन महिन्यांनी मिळाली. दोघेही आता नाहीत. त्या घरात दुसरे भाडेकरू आहेत, आणि अंगणात त्यांनी तुळस लावली आहे. विळी मिळाली त्या दिवशी तिचे सहा आणे मी काकांपुढे धरले, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. "मले काहून? मी तं नुसता ठोकून राहिलो होतो." सहा आणे काकूंना दिले.