अर्ध्यापर्यंत गुलाबी

काळ्या मातीचा मला अजूनही राग येतो. पाणी प्यायली की फुगते, उन्हात भेगाळते, आणि वर कितीही चांगला रस्ता करा, वर्षभरात त्याची वाट लावते. म्हणून तिच्यात चुन्याची पूड मिसळायची, की ती जरा ताळ्यावर येते. खरं म्हणजे मी उगाच मातीवर राग काढतोय. तिनं काही लपवलं नव्हतं.

ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन बाहेर पडलो आणि पहिलीच नोकरी लागली निघोज्याजवळच्या रस्त्यावर, माती तपासायची. अंगात नवं कोरं जॅकेट आणि डोक्यात हवा. चुना मिसळायचं काम चाचांकडे होतं. ते निघोज्याचेच, माझ्या वडिलांच्या वयाचे. ट्रॅक्टर स्वतःचा, मागे फिरत्या पात्यांनी माती उकरून कालवणारा रोटाव्हेटर. पसरलेल्या चुन्यावरून तो फिरवायचा, माती ओली करून एक दिवस मुरू द्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवायचा आणि मगच रोलर. चाचा ढेकूळ बोटांत चुरून सांगायचे, जमलं की नाही. मला ते गावठी वाटायचं. काय म्हणावं मला!

माझी तपासणी शास्त्राची. वीतभर खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीन फवारायचं, शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तेच. चुना पोचला असेल तिथे माती गुलाबी होते.

त्या शनिवारी वळणावरच्या तुकड्यात चाचांची पहिली फेरी झाली होती. मी फवारलं. अर्ध्यापर्यंत गुलाबी, खाली काळी ती काळीच. इकडे ठेकेदाराचे फोनवर फोन, उद्याच खडी टाकायची होती.

"खालची कच्ची हाय, साहेब," चाचा म्हणाले. "उद्या आणिक एक फेरी मारतो."

"राहू द्या चाचा, पुरे झालं. रोलर लावू."

"माझं काय जातंय? पर रस्ता उठंल. मग मलाच धरत्याल."

"मी आहे ना," मी म्हटलं.

खड्डा मीच बुटानं बुजवला आणि अहवालात लिहिलं, पूर्ण खोलीपर्यंत गुलाबी.

पावसाळा सरता सरता रस्ता नेमका त्याच वळणावर उठला. साइट ऑफिसात मीटिंग झाली. चाचांना बोलावलंच नव्हतं. ठेकेदार म्हणाला, रोटाव्हेटरवाल्यानं खोल मारलंच नाही. मोठ्या साहेबांनी माझा अहवाल उचलून विचारलं, "मग हे काय?"

"मी खड्डा घेतला तिथे बरोबर होतं सर," मी म्हणालो. "पुढे त्यांनी कमी मारलं असेल."

इतक्या सहज बोललो की माझं मलाच नवल वाटलं. चाचांचा ट्रॅक्टर त्याच दिवशी साइटवरून गेला. या पट्ट्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. चुन्याच्या कामावर त्यांना पुन्हा कोणी बोलावलं नाही. रोज ऑफिसला जाताना वाटायचं, आज सांगून टाकू. नाही सांगितलं. नोकरीची भीती होती, दुसरं काही नाही.

तीन वर्षांनी, मागच्या महिन्यात, भोसरीत त्यांच्या जावयाच्या वर्कशॉपमध्ये गेलो. मुद्दाम गेलो, सगळं कबूल करायला. गाडीवर येताना वाक्यंसुद्धा पाठ केली होती. चाचा स्टुलावर बसून रोटाव्हेटरची पाती ग्राइंडरवर घासत होते, दुसऱ्या कोणाची तरी. मला पाहून चेहरा इतका फुलला त्यांचा की माझं पाठांतर तिथंच संपलं.

चहा आला. इकडचं तिकडचं झालं. मग तेच म्हणाले, "त्या मीटिंगीत तुमी बी हुता, आसं एक जण म्हनत हुता. म्या त्याला झापला. म्हनलं, साहेब आसते तर बोलले आसते. मला म्हनले हुते, मी आहे ना."

बोलायची हीच वेळ होती. चहाचा ग्लास हातात होता आणि चाचा माझ्याकडे बघत होते.

"नव्हतो चाचा," मी म्हटलं. "रजेवर होतो."

"तेच म्हनलं म्या," चाचा म्हणाले, आणि माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला.