नऊला घराबाहेर कोण पडणार

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. आडून आडून सांगण्यात काय अर्थ आहे? ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, नागपूरची, आणि कुणाशीही बोलायला तयार. भाजीवाला, गॅसवाला, शेजारची रिटायर्ड इंजिनिअरांची कजाग बायको, कुणीही असो, पाच मिनिटांत हिची ओळख झालेली. मी ह्या हिंदी शहरात, अवधपुरीत, वीस वर्षं राहतेय. त्या बाई मला अजून नुसती मान हलवून ओळख देतात. हिला त्यांनी लोणच्याची बरणी दिली. लोणचं चांगलं होतं, पण मला ते गोड लागेना.

आमचं घर दोन मजली. खाली मी, हे आणि सासूबाई. वर दीर, जाऊ आणि त्यांची लहान मुलगी. स्वयंपाक एकत्र. मी चौदा वर्षं एका वर्कशॉपच्या ऑफिसात होते. तिथे मोठ्या कारखान्याला लागणारे सुटे भाग बनायचे आणि ते वेळेवर रवाना करायची कागदपत्रं माझ्याकडे होती. सकाळी नऊ वाजता मी स्कूटी काढायची आणि संध्याकाळपर्यंत घरची नसायची. मागचं सगळं जाऊ बघायची. लग्न झाल्यापासून सहा वर्षं बघत होती. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही, आणि मीही तिला कधी विचारलं नाही की बाई गं, तुला काय वाटतं.

मग मालकांनी वर्कशॉप बंद केलं. त्याच महिन्यात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आता दिवसभर त्यांच्याजवळ कुणीतरी हवं होतं. जाऊ म्हणाली, "ताई, आता तुम्ही घरी आहात, तर मी नोकरी बघते. मलाही जावंसं वाटते." मी म्हटलं, मीही नोकरी बघतेच आहे. शेवटी ह्यांनी पेपरमधून डोकं वर काढून निकाल दिला, "दोघींपैकी जिला आधी लागेल तिनं जावं. दुसरीनं आईजवळ राहावं." दोघे भाऊ मात्र त्या हिशेबात कुठेच नव्हते. त्यावर एक अक्षर कुणी काढलं नाही, मीसुद्धा नाही.

मला घरी राहायचं नव्हतं. लोकांना वाटेल काय ही बाई, सासूची सेवा नको. हो, नको. ऑफिसात मला मॅडम म्हणायचे. माझ्या सहीशिवाय गाडी हलत नसे. घरी मात्र दुपारी दोन वाजेपर्यंत पंचवीसदा "अगं, जरा इकडे ये" ऐकून माझं डोकं फिरायचं. हेच काम जाऊ हसत करायची आणि आई तिचं कौतुक करायच्या. त्याचाही मला राग यायचा.

अरेरा कॉलनीतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बाई हवी होती. जागा एकच. आम्ही दोघींनी अर्ज केले आणि दोघींनाही एकाच दिवशी बोलावणं आलं. आता गंमत बघा, आम्ही एकाच स्कूटीवरून गेलो. ती मागे बसून रस्ताभर बडबडत होती. माझ्या पायाशी माझी फाईल.

ह्या फाईलबद्दल सांगितलं पाहिजे. माझे बाबा मोठ्या कारखान्यात टेक्निशियन होते. आयुष्यात त्यांनी एकच मुलाखत दिली, नोकरीला लागताना. पुढची सगळी बढती ज्येष्ठतेनं झाली. सर्व्हिस बुकात नोंद व्हायची, वर कागद जायचा, ऑर्डर यायची. स्वतःच्या तोंडानं स्वतःचं काम सांगणाऱ्या माणसाला आमच्या क्वार्टरच्या लायनीत चापलूस म्हणत. बाबा म्हणायचे, कागद बोलतात, आपण मध्ये तोंड घालायचं नाही. आताही त्यांनीच दोन दिवस बसून माझी फाईल लावून दिली. अनुभवाचा दाखला, पगारवाढीची पत्रं, टायपिंगचं सर्टिफिकेट, अगदी शाळेतल्या निबंध स्पर्धेचंसुद्धा. प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पुढे अनुक्रमणिका. जावेच्या हातात एक पान होतं, तेही घडी घातलेलं. मला तिची कीव आली. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला.

आधी मला बोलावलं. एक म्हातारे डॉक्टर आणि व्यवस्था बघणाऱ्या एक मॅडम. बोलणं अर्थातच हिंदीत. "आपके काम के बारे में बताइए," मॅडम म्हणाल्या. मी फाईल पुढे सरकवली. "सब इसमें है, मॅडम." त्यांनी दोनचार पानं उलटली आणि म्हणाल्या, हे ठीक आहे, पण तुम्ही सांगा ना. मी म्हटलं, चौदा वर्षांचा अनुभव आहे, दाखला सातव्या नंबरला लावलाय. डॉक्टरांनी विचारलं, कधी अडचणीची वेळ आली असेल ना, तेव्हा काय केलंत? मी म्हटलं, "वैसा कुछ खास नहीं, मालिक देख लेते थे." कसले मालिक नि कसलं काय! त्या माणसाला गाडीतल्या मालाबरोबर जाणारं चलन कोणत्या रंगाचं असतं तेही ठाऊक नव्हतं. भर मे महिन्यात कारखान्याच्या गेटवर तीन तास उभं राहून अडकलेली गाडी मी सोडवून आणली होती. पण ते तोंडातून निघेना. आपणच आपलं कसं सांगायचं? दहा मिनिटांत मी बाहेर आले.

मग जाऊ आत गेली. मधली भिंत प्लायवूडची. बाहेरच्या खुर्चीवर मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

लग्नाआधी ही दोन वर्षं साड्यांच्या दुकानात काउंटरवर होती. बस, एवढीच तिची नोकरी. पण तिनं ती काय सांगितली! लग्नसराईत एकदम वीस बायका आल्या की कुणाला आधी बसवायचं, कुणाला खरंच घाई आहे आणि कोण नुसतं बघायला आलंय हे चेहऱ्यावरून कसं ओळखायचं. एकदा एक बाई साडीचा रंग गेला म्हणून ओरडत आली, तर हिनं तिला आधी बसवलं, पाणी दिलं, पूर्ण ऐकून घेतलं, आणि मगच साडी हातात घेतली. "आपके यहाँ भी लोग घबराकर चिल्लाएँगे," ती म्हणाली, "मैं उनको सुन लूँगी, मुझे आदत है." आत डॉक्टर हसले. मॅडमही हसल्या. चहा मागवला गेला. मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. मला निदान आतल्या आत म्हणता आलं असतं, बघा, थापा मारतेय. पण तिचं सगळं खरं होतं. दोन वर्षांतलं एवढंसं काम, आणि ते तिला स्वतःचं वाटत होतं. माझी चौदा वर्षं माझ्या तोंडाला परकी. येताना ती पुन्हा मागे बसून विचारत होती, ताई, कसं झालं तुमचं? मी म्हटलं, हेल्मेटमुळे ऐकू येत नाही.

चार दिवसांनी दुपारी माझ्या मोबाईलवर फोन आला. दवाखान्यातल्या त्याच मॅडम. तुमची निवड झाली नाही, सॉरी, असं आधी म्हणाल्या आणि मग म्हणाल्या, तुमच्या जाऊबाईंना आम्ही जवळजवळ पक्कं केलंय. फॉर्मवर ओळखीच्या व्यक्तीचं नाव मागितलं होतं, तिथे त्यांनी तुमचं नाव आणि नंबर दिलाय. त्यांच्याबद्दल दोन शब्द सांगाल का? शेजारच्या खोलीत जाऊ आईंची वेणी घालत होती. दोघी कशावरून तरी खिदळत होत्या.

माझं नाव तिनं का दिलं असेल? आमच्या घरात ऑफिसात काम केलेली बाई मी एकटीच, म्हणून. तिच्या मनात दुसरं काही आलंही नसणार. आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जागा हिला, हसू हिला, आईंचं प्रेम हिला, वर मीच हिची शिफारस करायची?

मी म्हटलं, "घरची आहे, मी काय सांगणार? सासूबाई अंथरुणावर आहेत, हे खरं. मुलगी लहान आहे, अजून बालवाडीत. सहा वर्षं घरीच होती, ऑफिसची सवय राहिलेली नाही. बाकी तुम्हीच काय ते बघा." पलीकडून आवाज आला, "अच्छा, ठीक है, थँक यू." मीही एक शब्द खोटा बोलले नव्हते. आतून जावेनं हाक मारली, "कोणाचा फोन होता, ताई?" मी म्हटलं, "बँकवाल्यांचा, कार्ड घ्या म्हणत होते." तेवढं मात्र खोटं.

दोन दिवसांनी तिला मेसेज आला, जागा भरली. तिनं तो तीनदा वाचला. "सगळं तर चांगलं झालं होतं," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "जाऊ द्या, माझंच काही बोलण्यात चुकलं असेल." संध्याकाळी दीर तिच्यासाठी पोहे आणि जिलेबी घेऊन आले. आणि ऐका, त्याही वेळी माझ्या मनात काय आलं? मला नाही म्हटलं तेव्हा माझ्यासाठी कुणी जिलेबी आणली नव्हती. इतकी मी जळकी. जिलेबी मात्र खाल्ली, दोन खाल्ल्या.

पुढच्याच आठवड्यात शिवाजी नगरमधल्या एका शाळेच्या ऑफिसातून मला बोलावणं आलं. मी पुन्हा फाईल काढली तर जावेनं ती हातातून काढून घेतली. "ताई, तुम्ही तिथे जाऊन काहून गप्प बसता?" दवाखान्यात काय झालं ते तिनं माझ्याकडून हळूहळू काढून घेतलं होतं, गेटवरच्या गाडीसकट. आईंच्या पलंगाशी तिनं मला समोर बसवलं, मध्ये मेथीची जुडी ठेवली, आईंचा चष्मा स्वतःच्या नाकावर चढवला आणि म्हणाली, "हां, बताइए." मला हसू आलं. "हसायचं नाही," ती म्हणाली. "गाडी अडकली होती ना गेटवर? कोणी सोडवली?" मी म्हटलं, मालकांनी मला सांगितलं होतं की... "मालक गेले होते काय उन्हात?" नाही. "मग कोण गेलं होतं?" मी. "मग तसंच म्हणा ना!" पलंगावरून आई म्हणाल्या, "आणि जरा मोठ्यानं बोल, मला काही ऐकू येत नाहीये." असे आम्ही चार दिवस बसलो. मेथी झाली, गवार झाली, मटार झाले. तिसऱ्या दिवशी मी गेटवरची गोष्ट अशी सांगितली की आईंनी विचारलं, "अगं बाई, हे तू केलंस? आम्हाला कधी बोलली नाहीस!" मी बघतच राहिले. चौदा वर्षांत घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "एक प्रश्न सगळेच विचारतात. तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा. तेव्हा चूकच झाली नाही असं म्हणायचं नाही, ते कोणाला पटत नाही. खरी सांगायची, लहानशी, आणि ती तुम्ही कशी निस्तरली तेही सांगायचं. हां, सांगा." मी शेंग सोलत राहिले. ती चष्म्यातून माझ्याकडे बघत होती, अगदी विश्वासानं. त्या फोनचं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. "घ्या वेळ, ताई," ती म्हणाली. मग मी तिला सांगितलं, एकदा दोन गाड्यांची चलनं अदलाबदल झाली होती, मी स्वतः स्कूटीवरून जाऊन बरोबर कागद गेटवर दिले, आणि त्यानंतर प्रत्येक चलनाला रंगीत चिठ्ठी लावायला लागले. "एकदम मस्त!" ती म्हणाली आणि सालं गोळा करून उठली.

शाळेत मी बोलले. फाईल पिशवीतून काढलीच नाही. मी केलं, मी ठरवलं, मी गेले, असं सरळ तोंड वर करून बोलले, आणि आकाश काही कोसळलं नाही. मुख्याध्यापिका बाई मध्येच थांबवून म्हणाल्या, इतकं स्पष्ट बोलणारं माणूस आम्हाला हवंच होतं. त्यांनी तो चुकीबद्दलचा प्रश्नही विचारला. आठवड्यानं पत्र आलं.

आता वर्ष होत आलं. मी रोज नऊला निघते. ती आईंजवळ असते; डबाही तीच भरते, मी नको म्हटलं तरी. मला ते फोनचं तिला सांगायचंय, असं मी पन्नासदा ठरवलं असेल. शाळेच्या ऑफिसात चारचौघांसमोर मी आता कुठल्याही विषयावर बोलते. घरी पोळी लाटताना ती शेजारी उभी असली की माझी जीभ उचलत नाही. अजूनही मला तिचा हेवा वाटतो, पूर्वीपेक्षा जास्त वाटतो. आता तिच्या बोलण्याचा नाही. तिला कुणाशीही बोलताना काही मागे ठेवावं लागत नाही, त्याचा.

कामावर जायच्या पहिल्या दिवशी मी गेटशी स्कूटी काढत होते, तेव्हा ती डबा घेऊन बाहेर आली. "ताई, विचारायचंच राहिलं. तो चुकीबद्दलचा प्रश्न विचारला होता का त्यांनी?"

"विचारला."

"मग? कोणती सांगितली?"

"तीच, चलनांची."

"छान केलं," ती म्हणाली आणि डबा माझ्या पिशवीत नीट उभा करून ठेवला. "आणि कशी निस्तरली तेही सांगितलं ना?"

मी हो म्हटलं आणि स्कूटी सुरू केली.