दुसऱ्या पोर्टातली वायर

कारंज्याच्या आमच्या दवाखान्यात नेटवर्कचं काम करणारा तो माणूस सगळं तपासून झाल्याशिवाय खुर्चीला टेकत नसे. वायरी जोडायच्या पोर्टांच्या डब्यावर, म्हणजे स्विचवर, व्हीलॅन करून एकाच डब्यात दोन वेगळ्या वाटा पाडल्या आणि त्यानं पाहुण्यांचं वायफाय ऑफिसपासून वेगळं केलं. मग पाहुण्यांच्या वायफायची वायर दाखवून मला म्हणाला, "मॅनेजर साहेब, हे वायर दुसऱ्या पोर्टात खुपसू नका. लोकायले मोबाइलवर पेशंटच्या फायली दिसतीन."

एक दिवस पाहुण्यांचं नेट बंद पडलं, नातेवाईक ओरडू लागले, आणि मी नेमकं तेच केलं. एकाच्या मोबाइलवर खरंच फायली उघडल्या. डॉक्टरांनी नेटवर्कवाल्याला बोलावून सर्वांसमोर झापलं. त्यानं वायर पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरची पानं उलटू लागलो. त्यानं वायर जागेवर लावली. त्याचं काम गेलं.

जाताना हळूच म्हणाला, "माह्यं जाऊ द्या. नवीन माणसाले तरी खरं सांगजा, नाहीतर थो बिगाड शोधतच राहीन."

फायली कशा उघडल्या, ते नवीन माणूस दोन दिवस शोधत होता. मी त्याला चहा पाजत राहिलो.